एजंटाला माझा गट नंबर कुठून मिळाला?

प्रश्न : नवलाख उंबऱ्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. एमआयडीसीमुळे एजंटांचे फोन चालूच असतात. परवा एकाने गट नंबर, क्षेत्र, चुलत्यांची नावंसुद्धा घडाघडा सांगितली. आमची माहिती फुटली का? – एक शेतकरी

उत्तर : फुटली नाही, ती उघडीच आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर किंवा नाव टाकलं की कुणाचाही सातबारा कुणालाही दिसतो. कायद्यानेच जाहीर केलेली माहिती २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात येत नाही, म्हणून ‘काढून टाका’ म्हणता येणार नाही. माझ्या मते काढूही नये. परस्पर झालेला फेरफार तुम्हालाही त्यामुळेच कळतो.

मोबाइल नंबर मात्र सातबाऱ्यावर नसतो. तो बहुधा आपणच कुठेतरी दिलेला असतो, नाहीतर भावकीतल्या कुणीतरी!

खरी काळजी खरेदीखताची. त्यावर अंगठ्याचे ठसे असतात. अशा ठशांची नक्कल करून आधारच्या आधारे बँकेतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडलेत. म्हणून एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. रेशनला किंवा केवायसीला ठसा द्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडा. झेरॉक्स मागितली तर पहिले आठ अंक झाकलेलं आधार द्या.

जमिनीसाठी ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावच्या फेरफार नोटिसा अधूनमधून पाहत जा. हरकत घ्यायला १५ दिवसच मिळतात. आणि ठशाच्या नकलेने खात्यातून पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेत जा.