वाटाड्या निवडताना : कुव्वत आणि अमानत

दहावी-बारावीचे निकाल लागले की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील घराघरांत एकच प्रश्न चर्चेला येतो : मुलाला कोणाच्या हाती सोपवावे? कोणाला पोलीस भरतीची तयारी करायची असते, कोणाला स्पर्धा परीक्षेची, कोणाला वैद्यकीय प्रवेशाची. भिगवण, वालचंदनगर, निमगाव केतकीची मुले सकाळच्या एसटीने बारामतीस शिकवणीला येतात. काही थेट पुण्याची वाट धरतात. फी भरण्यासाठी कोठे दूधदुभत्याची म्हैस विकली जाते, कोठे आईच्या बांगड्या गहाण पडतात, तर कोठे व्याजाचे कर्जही काढले जाते. पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे मुलाच्या उमेदीची दोन-तीन वर्षे. ती एकदा गेली की परत मिळत नाहीत. असे असूनही हा निर्णय आपण पुष्कळदा चौकातला फलक पाहून घेतो. प्रिय वाचकहो, या बाबतीत आपला दीन आपल्याला काय शिकवतो, ते या पाठात पाहू.

कुरआनने दिलेल्या दोन कसोट्या

सूरह अल-कसस (28:26) मध्ये मदयनचा प्रसंग आला आहे. हजरत मूसा (अ.) यांनी विहिरीवर दोन बहिणींच्या जनावरांना पाणी पाजले. त्यांतील एकीने घरी आल्यावर वडिलांना सुचविले की यांनाच कामावर ठेवावे; कारण कामावर ठेवण्यास उत्तम माणूस तोच, जो समर्थही आहे आणि विश्वासूही. कुरआनचे मूळ शब्द आहेत ‘कवी’ आणि ‘अमीन’. म्हणजे कुव्वत आणि अमानत. ज्याच्याकडून आपण काम करून घेणार, त्याच्यासाठी या दोन कसोट्या पुरेशा आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. कुव्वत असून अमानत नसलेला मार्गदर्शक लुबाडतो. अमानत असून कुव्वत नसलेला चांगल्या मनाने वर्षे वाया घालवतो.

हिजरतीचा वाटाड्या

या शिकवणीचे प्रत्यक्ष रूप हिजरतीत दिसते. प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी मदीनेच्या प्रवासासाठी अब्दुल्लाह बिन उरैकित या वाटाड्याला मजुरी ठरवून नेमले. सहीह बुखारीतील निवेदनानुसार तो त्या वेळी कुरैशांच्याच धर्माचा होता. परंतु वाटा जाणण्यात निष्णात होता आणि विश्वासू होता. दोन उंटिणी त्याच्या स्वाधीन करून तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी येण्यास सांगण्यात आले. मक्केत पकडून देणाऱ्यास शंभर उंटांचे इनाम जाहीर झालेले होते. त्याने एक शब्द उच्चारला असता तर धनवान झाला असता. तो ठरल्या वेळी आला आणि किनाऱ्याच्या आडवाटेने त्याने मुक्कामी पोहोचविले.

येथे थोडे थांबून विचार करा. अल्लाहवर सर्वाधिक भरवसा असणाऱ्या प्रेषितांनी (स.) वाटाड्या घेणे कमीपणाचे मानले नाही. निवडताना नाते, जमात किंवा ओळख पाहिली नाही; वाट ठाऊक आहे का आणि शब्द पाळतो का, हे पाहिले. मजुरीही आधी ठरविली. आपल्या ओळखीचा, आपल्या मोहल्ल्यातला म्हणून मुलाला एखाद्याकडे धाडणाऱ्या पालकांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

कुव्वत कशी पारखावी

पहिला प्रश्न : ज्या वाटेने न्यायचे, ती वाट त्याला पूर्ण ठाऊक आहे का? महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची असते. पहाटे मुलांना पळवून घेणारा प्रशिक्षक गणित आणि मराठी व्याकरणाची तयारी कोणाकडून करून घेतो, हे विचारले पाहिजे. नाहीतर दोन-तृतीयांश परीक्षा वाऱ्यावर राहते.

दुसरा प्रश्न : तो आधी मुलाला पाहतो की आधी पावती फाडतो? आपल्या मराठीतील ‘तालीम’ हा शब्द अरबीतील शिक्षणवाचक शब्दातून आला आणि ‘वस्ताद’ हा उस्तादाचाच मराठी अवतार. तालमीतला जाणता वस्ताद पोराला मातीत उतरवून पाहिल्याशिवाय त्याची मेहनत ठरवीत नाही.

श्रीरामपूरच्या झहीर खान यांचे उदाहरण घ्या. मुंबईत माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांनी त्यांची गोलंदाजी पाहिली, पारखली आणि अभियांत्रिकीऐवजी क्रिकेटला पूर्ण वेळ देण्याचा सल्ला दिला. पुढे झहीर चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये शिकले. सन 2000 मध्ये ते भारताकडून खेळू लागले आणि 2011 च्या विश्वचषकात त्यांनी 21 बळी घेतले. सल्ला धाडसाचा होता, पण तो डोळ्यांनी पाहिलेल्या गुणावर उभा होता. आणि शिष्याची पुढची शाळा दुसरीकडे आहे, हे खरा गुरू मान्य करतो. जो मुलाला स्वतःपाशीच बांधून ठेवतो, त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यावी.

अमानत कशी पारखावी

ज्याचा सल्ला घेतला जातो तो अमानतदार असतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. परंतु अमानत चेहऱ्यावर लिहिलेली नसते. हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर एकाने दुसऱ्याच्या भलेपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले : तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ आले, तेव्हा ती ग्वाही त्यांनी मान्य केली नाही. मशिदीत नमाज पढताना पाहिले, एवढ्यावर माणूस ओळखला जात नाही.

म्हणून फलकावरच्या यशस्वी मुलांचे फोटो पाहून न थांबता, मागील वर्षी अपयशी ठरलेल्या दोन मुलांच्या घरी जा. त्यांना शेवटपर्यंत शिकविले का? अर्ध्यात सोडणाऱ्याची फी परत मिळाली का? केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, 16 वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, शिकविणारा किमान पदवीधर असावा, मध्येच सोडणाऱ्याची उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. ‘शंभर टक्के निवड’ असे जो सांगतो, तो जे त्याच्या हाती नाही ते विकतो. उद्या काय होणार, हे ज्ञान केवळ अल्लाहकडे आहे.

मुलीसाठी मार्गदर्शक निवडताना आणखी पाहावे : वर्ग उघड्या, वर्दळीच्या जागी आहे का, आई कधीही येऊन बसू शकते का, आणि वर्ग सुटल्यावर इंदापूरची एसटी मिळते का. एवढी व्यवस्था लागली की मुलीला घरी बसविण्याचे कारण उरत नाही.

आणि खर्च मोठा म्हणजे मार्गदर्शन मोठे, असे नाही. शेती करू इच्छिणाऱ्या मुलासाठी बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाच्या निवासी अकादमीत प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला उमेदवारांना नागरी सेवा परीक्षेचे मोफत प्रशिक्षण मिळते. व्याजाचे ओझे घेण्यापूर्वी हे दरवाजे ठोठावून पाहावेत.

शिष्याचा अदब आणि त्याची सीमा

सूरह अल-कहफ (18:60-82) मध्ये हजरत मूसा (अ.) हजरत खिज्र (अ.) यांच्याकडे शिकण्यास जातात. पैगंबर असूनही ते आधी अनुमती मागतात. खिज्र (अ.) अट आरंभीच सांगतात, आणि निरोप घेताना प्रत्येक कृतीचे कारणही सांगतात. शिष्याकडे धीर हवा, गुरूकडे स्पष्टता हवी, हा यातील बोध आहे.

मात्र या प्रसंगाचा आधार घेऊन कोणी ‘प्रश्न विचारू नकोस, फक्त माझे ऐक’ असे म्हणू लागला, तर सावध व्हा. खिज्र (अ.) यांना अल्लाहने विशेष ज्ञान दिले होते. आजच्या कोणत्याही प्रशिक्षकाला तो दावा करता येत नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली साखळी योजनेत सभासद जोडायला लावणारे, आईबापांपासून मुलाला तोडणारे किंवा नमाजेची वेळ टाळायला लावणारे मार्गदर्शक कितीही गोड बोलोत, त्यांच्यापासून दूर राहणेच बरे.

मशवरा आणि इस्तिखारा

चौकशी पूर्ण झाल्यावर घरात मशवरा करा आणि त्यात मुलाचे मत सर्वांत आधी ऐका; वाट त्यालाच चालायची आहे. मग इस्तिखारा करा. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) इस्तिखारा कुरआनच्या सूरहप्रमाणे शिकवीत. परंतु इस्तिखारा हा चौकशीला पर्याय नाही. उंट बांधून मग भरवसा ठेवावा, हीच आपली शिकवण आहे.

वाटाड्या मुक्कामापर्यंत पोहोचवितो आणि मग बाजूला होतो. ज्याच्या शिकविण्याने मुलाला एक दिवस त्याची गरज उरत नाही, तो मार्गदर्शक खरा. अल्लाह आपल्या मुलामुलींना असे कवी आणि अमीन मार्गदर्शक लाभू देवो, आणि उद्या त्यांनाही इतरांसाठी तसेच होण्याची तौफीक देवो. आमीन.

घरी चर्चेसाठी

1. हिजरतीच्या वाटाड्यात कुव्वत आणि अमानत कशी दिसते?
2. हजरत उमर (रजि.) यांचे तीन प्रश्न आजच्या शिकवणी वर्गासाठी कसे विचारता येतील?
3. आपण मागील वेळी शिक्षक निवडला, तेव्हा काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले?