फी माफ होते, पण अर्ज वेळेत हवा

प्रश्न : वडील चाकणला कंत्राटी कामगार आहेत. आम्ही ओबीसी. मला इंजिनिअरिंगला जायचंय, पण फी कशी भरायची? – एक विद्यार्थिनी, चऱ्होली

उत्तर : ताई, फीच्या धास्तीने प्रवेश सोडू नकोस. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अट एकच मोठी : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतूनच घे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. पगाराची स्लिप चालत नाही, तहसीलदारांचाच उत्पन्नाचा दाखला लागतो. खरी अडचण बँकेत होते. दहावीच्या मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं, खातं आधारला जोडलेलंच नाही, आणि सवलतीचे पैसे अडकतात. हे आजच तपास. बसभाडं, मेस यांचा खर्च वेगळा धर; वसतिगृहात राहणार असलीस तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचीही चौकशी कर.

१९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. ही मदत म्हणजे उपकार नव्हे, तुझा हक्क आहे. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरायला विसरू नकोस.