पिन बसली, पण वीज जुळली का?

लोणी-संगमनेरची, कोपरगावची, नगर शहरातली किती मुलं-मुली आज अमेरिकेत, जर्मनीत, दुबईत नोकरीला आहेत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दिवाळीला किंवा मे महिन्यात ती घरी आली, की बॅगेतून भाच्या-पुतण्यांसाठी काही ना काही निघतंच. बाळाची बाटली कोमट करायचं यंत्र, रात्रीचा छोटा दिवा, कॉलेजात जाणाऱ्या पुतणीसाठी केसांचं स्ट्रेटनर. पिन आपल्या बोर्डात बसत नाही, म्हणून कुणीतरी दुकानातून मल्टिपिन आणतं. पिन बसते आणि घर निश्चिंत होतं. पालकहो, मला बोलायचंय ते या निश्चिंतपणाबद्दल.

मल्टिपिन फक्त आकार जुळवते, विजेचा दाब ती कमी करत नाही. आपल्याकडे 230 व्होल्ट, अमेरिकेत 120, जपानमध्ये तर 100च. 120 व्होल्टसाठी बनवलेली हजार वॅटची तापणारी वस्तू आपल्या बोर्डात लावली, तर दाब दुपटीच्या जवळ जातो, पण उष्णता वर्गाच्या हिशेबानं वाढते आणि साडेतीन हजार वॅटच्या वर पोचते. कॉइल जळू शकते, प्लॅस्टिक वितळू शकतं. आणि स्ट्रेटनर तर त्या वेळी मुलीच्या हातात, केसांजवळ असतं.

म्हणून वस्तूच्या पाठीवरची बारीक अक्षरं आधी वाचा. ‘100-240V, 50/60Hz’ असं असेल, तर दाबाची काळजी नाही. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. नुसतं ‘120V’ असेल, तर ती वस्तू थेट लावायचीच नाही. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो वस्तूच्या वॅटपेक्षा मोठा हवा. तापणाऱ्या वस्तूला लागणारा ट्रान्सफॉर्मर इतका जड आणि महाग पडतो, की इथलीच आयएसआय मार्कची वस्तू घेणं परवडतं. ही अक्षरं वाचायचं काम नववी-दहावीतल्या मुलाकडे द्या. व्होल्ट आणि वॅट तो शाळेत शिकतोच, घरात त्याचा उपयोग होऊ द्या.

दुबईच्या किंवा जर्मनीच्या वस्तूंना दाबाची अडचण नसते, तिथं प्रश्न अर्थिंगचा. जर्मन पिनेला अर्थिंगची पट्टी कडेला असते. मल्टिपिनमध्ये ती कशालाच टेकत नाही. इस्त्री चालते, पण आत वायर सुटली तर वीज धातूच्या अंगावर येते आणि तिला जमिनीत जायला वाट नसते. दुबईची चौकोनी पिन इंग्लंडसारखी, तिच्या आत फ्यूज असतो. पिन कापून उघड्या तारा बोर्डात खोचल्या, की तो फ्यूजही गेला. तिसरी पिन तर कधीच मोडू नका.

त्यात आपल्या नगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेतला. पारनेर, पाथर्डीकडे उन्हाळ्यात जमीन पार कोरडी होते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर पडतं. वस्तीवरच्या घरात अर्थिंगच्या खड्ड्यात मधूनमधून पाणी घाला, वर्षातून एकदा वायरमनकडून ते तपासून घ्या. मेन स्विचजवळ 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. शॉक बसताच ती क्षणात वीज तोडते, आणि लेकराच्या जिवापुढे तिचा खर्च काहीच नाही. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती आपल्या एका सवयीची. बोर्डाच्या बारीक भोकांना आतून पडदा असतो, तो लहान मुलांसाठीच केलेला. अर्थिंगची पिन आधी आत गेली, की तो उघडतो. परदेशी दोन दांड्यांची पिन जाईना, म्हणून आपण वरच्या भोकात रिफिल नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पडदा उघडतो. रांगणारं मूल खाली बसून हे टक लावून पाहतं. उद्या ते भोकात काहीतरी घालतं, तेव्हा आपण त्याला रागावतो, पण ते त्याला दाखवलं आपणच. युरोपातल्या बारीक दांड्या आपल्या भोकांत ढिल्याही बसतात, ठिणग्या उडतात, बोर्ड काळा पडतो.

चार्जरला सुटी वायर असेल, तर हे सगळं टळतं. जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तशी, इंग्रजी आठसारख्या तोंडाची वायर इथल्या पिनेसह कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. तीच लावा. मल्टिपिन तात्पुरती ठीक, पण ती रात्रभर बोर्डात ठेवून बाळाच्या खोलीत काही चालू ठेवू नका.

आणि परदेशातल्या लेकीला, भावाला आजच व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा: काही घ्यायच्या आधी मागच्या स्टिकरचा फोटो पाठव. त्यावर नुसतं ‘120V’ दिसलं, तर ती वस्तू दुकानातच राहू दे म्हणावं. त्याऐवजी गोष्टींचं पुस्तक आण, नाहीतर सेलवर चालणारं खेळणं.