ऑइल बदलून आणल्यावर काय बघायचं: वेळणेश्वरहून नव्यानं आलेल्यांसाठी

वेळणेश्वरात असताना गाडीचं ऑइल हे आपलं काम नव्हतं. शृंगारतळीला किंवा गुहागरला गाडी न्यायची, मेस्त्री जुनं ऑइल सोडायचा, नव्या डब्याचं सील आपल्यासमोर फोडायचा, नरसाळं लावून ओतायचा आणि शेवटी गेज काढून, पुसून, परत घालून आपल्या डोळ्यांसमोर धरायचा. आपण शेजारी उभे असायचो. त्यानं न सांगताही आपली तपासणी होऊन जायची.

परदेशात तसं होत नाही. तुम्हाला काचेपलीकडच्या खोलीत बसवतात, गाडी आत जाते आणि अर्ध्या तासानं हातात किल्ली आणि बिल येतं. इंजिनात काय गेलं आणि किती गेलं, हे कुणी दाखवत नाही. काम करणारी मुलं वाईट नसतात, पण दिवसभर एकामागून एक गाड्या उरकत असतात. म्हणून इथं मेस्त्रीचं शेवटचं काम आपलं असतं: पातळी बघणं.

हे टिपण न्यू जर्सी, मिनेसोटा, ओंटारिओ आणि जर्मनीत बरीच वर्षं राहिलेल्या घरांनी सांगितलेल्या गोष्टींवरून तयार केलं आहे. त्यांतल्या काहींची घरं वेळणेश्वरात आहेत, काहींचं नुसतं कुलदैवत तिथलं. गावात 2012 साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाल्यापासून तिथं शिकलेली मुलंही इकडे दिसू लागली आहेत, आणि आल्याबरोबर बहुतेकजण जुनी कोरोला किंवा सिव्हिक घेतात. त्यांच्यासाठी हे विशेष लिहिलं आहे.

आधी बिल वाचा

गाडी दुकानाच्या आवारात असतानाच बिल वाचायचं. त्यावर ऑइलची ग्रेड (उदाहरणार्थ 0डब्ल्यू-20), ते सिंथेटिक आहे की मिश्र, कंपनीचं नाव, किती क्वार्ट घातलं, फिल्टर बदलला का आणि त्या दिवशीचे मैल हे सगळं हवं. नुसतं ‘ऑइल चेंज’ एवढंच असेल तर तिथल्या तिथं लिहून मागा. ऑइल पिंपातून नळीनं भरलं असेल तर त्याचा आणखी आग्रह धरा, कारण दाखवायला डबाच नसतो.

अमेरिकन क्वार्ट लिटरपेक्षा थोडा कमी, 0.946 लिटर. मोठा कॅन पाच क्वार्टचा, म्हणजे साधारण 4.7 लिटर. आपल्या इंजिनाला फिल्टरसकट किती लागतं ते गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. तो आकडा फोनमध्ये टिपून ठेवा आणि बिलावरच्या आकड्याशी ताडून बघा. चार सिलिंडरच्या गाडीच्या बिलावर सहा क्वार्ट दिसले तर विचारायलाच हवं.

बिलं जपून ठेवा. ऑइल डीलरकडेच बदललं पाहिजे, नाहीतर वॉरंटी जाते, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानं तशी सक्ती करता येत नाही. मात्र ऑइल वेळेवर आणि योग्य ग्रेडचं बदललं, हे दाखवणारे कागद आपल्याकडे हवेत.

मग पट्टी

ही तपासणी घरी गेल्यावर नाही, दुकानातून निघण्याआधी करायची. आवारात सपाट जागा बघून गाडी उभी करा, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. वरच्या भागात अडकलेलं ऑइल तेवढ्या वेळात खाली चेंबरमध्ये उतरतं. घरचा ड्राइव्हवे बहुतेक वेळा रस्त्याकडे उतरता असतो. सड्यावरून खाली वेळणेश्वरात उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबवून कुणी गेज बघणार नाही, तसंच इथंही उतारावर बघू नका. ऑइल एका बाजूला सरकतं आणि पातळी खोटी दिसते.

पट्टी पहिल्यांदा बाहेर काढली की ती वरपर्यंत माखलेली असते, तिच्यावरून काही ठरवू नका. कागदी रुमालानं स्वच्छ पुसा, टोपण टेकेपर्यंत आत घाला, क्षणभर थांबा आणि परत काढा. आता ती आडवी धरा. टोक वर केलंत तर ऑइल मुठीकडे ओघळतं. पट्टीच्या टोकाशी दोन खुणा असतात, कुठं भोकं, कुठं खाचा, कुठं मध्ये जाळीदार पट्टा. खालची खूण किमान, वरची कमाल.

नवख्यांची इथं हमखास फसगत होते. ताजं सिंथेटिक ऑइल इतकं नितळ असतं की पट्टीवर दिसतच नाही, आणि ऑइल घातलंच नाही असं वाटतं. पट्टी उजेडात तिरकी करत फिरवा. ओल्या भागाची चमक जिथं संपते तिथं कोरडा, मंद धातू सुरू होतो. ती रेघ म्हणजे पातळी. दोन्ही बाजू बघा. काढताना पट्टी नळीला घासते आणि एक बाजू जास्त भिजते, म्हणून कमी दाखवणारी बाजू खरी धरा. तरीही कळत नसेल तर कोऱ्या पांढऱ्या कागदावर पट्टी टेकवा, ओला डाग कुठवर उमटतो ते दिसेल.

नुकत्याच बदललेल्या ऑइलची पातळी वरच्या खुणेवर किंवा जराशी खाली हवी. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एका लिटरचं अंतर असतं. पातळी मध्यावर असेल तर अर्धा लिटर कमी आहे. गाडी चालेल, पण पैसे पूर्ण दिलेत, तेव्हा तिथंच भरून घ्या.

कमी ऑइलची भीती सगळ्यांना असते. जास्त ऑइलची कुणाला वाटत नाही, आणि ती वाटायला हवी. पातळी बरीच वर गेली की फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइलला भिडतो, ते घुसळून त्यात हवा मिसळते आणि फेस होतो. फेसाळ ऑइलनं पंपाचा दाब टिकत नाही. बोटभर जास्त दिसलं तर काढून घ्यायला सांगा. आणि पातळी खुणेच्या फारच वर दिसली तर गाडी सुरूच करू नका. काही गाड्यांत इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा ड्रेन नट जवळजवळ असतात. घाईत गिअरबॉक्सचं ऑइल सोडलं जातं आणि इंजिनात जुन्या ऑइलवर नवं ओतलं जातं. पट्टी न बघता तशी गाडी हायवेवर नेली तर गिअरबॉक्स आणि इंजिन दोन्ही धोक्यात येतात. ओंटारिओच्या एका घरात हे घडता घडता टळलं, ते केवळ आवारात पट्टी बघितली म्हणून.

जमिनीवरचा डाग

रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी बघा. एखादा थेंब ऑइल बदलताना सांडलेल्या ऑइलचाही असू शकतो. दुसऱ्या रात्रीही तेवढाच किंवा जास्त आला तर मात्र ती गळती आहे.

गळतीची दोन ठिकाणं नेहमीची. एक ड्रेन नट. त्याखालचा वॉशर दाबून चपटा होणारा असतो आणि दर वेळी नवा लागतो, पण तोच परत लावलेला असतो. दुसरं ठिकाण फिल्टर, आणि ते जास्त धोक्याचं. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनाला चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर बसवला की एकावर एक दोन रिंगा होतात. गाडी उभी असताना कदाचित थेंबही पडत नाही, पण वेगानं चालवताना दाब वाढला की वरची रिंग सरकते आणि बघता बघता सगळं ऑइल बाहेर जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा, आणि हायवेवरच्या पहिल्या लांब प्रवासानंतर पुन्हा एकदा पट्टी बघा. पुढे महिन्यातून एकदा पुरे.

वेळणेश्वरच्या खाऱ्या वाऱ्यानं लोखंडाचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. थंडीत रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि तेच काम इथल्या गाड्यांच्या पोटाखाली होतं. दहाबारा वर्षं वापरलेली गाडी घेतली असेल तर ऑइलचं चेंबर आणि ड्रेन नट किती गंजलेत, ते पहिल्याच ऑइल चेंजच्या वेळी फोटो काढून दाखवायला सांगा.

एवढं पातळ कसं?

हा प्रश्न प्रत्येक नवागत विचारतो. गावाकडे वडिलांच्या जीपमध्ये 20डब्ल्यू-50 जायचं आणि जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल अशी समजूत होती. त्या इंजिनाला आणि त्या हवेला ते योग्यच होतं. किनाऱ्यावर थंडी पडून पडणार किती?

मिनेसोटात जानेवारीच्या पहाटे पारा शून्याखाली 25 अंशांवर जातो. ग्रेडमधला ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनातला चिकटपणा. इंजिन सुरू करतानाची चाचणी 0डब्ल्यूसाठी उणे 35 अंशांवर होते, 5डब्ल्यूसाठी उणे 30, 10डब्ल्यूसाठी उणे 25 आणि 15डब्ल्यूसाठी उणे 20. जाड ऑइल त्या थंडीत पंपाला ओढवत नाही, आणि पहिल्या काही क्षणांत बेअरिंग कोरडी फिरतात. शिवाय हल्लीच्या इंजिनांतल्या फटी आणि पंप पातळ ऑइल धरूनच आखलेले असतात. तेव्हा पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला. गावच्या काकांनी फोनवरून दिलेला सल्ला प्रेमाचा असतो, पण तो वेगळ्या गाडीचा आणि वेगळ्या हवेचा असतो.

डब्यामागे एपीआयचं गोल चिन्ह असतं. मधोमध ग्रेड, वरच्या अर्ध्यात दर्जा. 2020 मध्ये ‘एसपी’ आला, मार्च 2025 पासून ‘एसक्यू’. पेट्रोल गाडीला नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो. स्वस्त दुकानांत मात्र कधी ‘एसए’ किंवा ‘एसएफ’ लिहिलेले डबे दिसतात. ‘एसए’ 1930 नंतरच्या बहुतेक इंजिनांना चालत नाही आणि ‘एसएफ’ 1988 नंतरच्यांना. दोन डॉलर वाचवण्यासाठी ते घेऊ नका. जर्मनीत एपीआयपेक्षा एसीईएचं अक्षर आणि गाडीच्या कंपनीची मान्यता बघायची. फोक्सवॅगनला 504 00 किंवा 507 00 मागितलं असेल तर डब्यावर नेमके तेच आकडे हवेत.

सिंथेटिकच घातलं, हे कसं कळणार?

डोळ्यांनी, वासानं किंवा बोटांत चोळून कळत नाही. कुणी कळतं म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. साधं ऑइलही ताजं असताना मधाच्याच रंगाचं असतं. किंबहुना ‘सिंथेटिक’ कशाला म्हणायचं यावरच मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचा वाद झाला होता. अमेरिकेतल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं 1999 मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला, आणि खनिज तेलावर भारी प्रक्रिया करून केलेलं ऑइलही तिथं सिंथेटिक म्हणून विकलं जाऊ लागलं. ते ऑइल वाईट नाही. सांगायचं एवढंच, की खात्री डब्यावरून आणि बिलावरून करायची, रंगावरून नाही. फारच शंका येत असेल तर ऑइल आणि फिल्टर आपण विकत घेऊन जायचे आणि मजुरीचे तेवढे पैसे द्यायचे. बरीच छोटी गॅरेजं याला तयार होतात.

रंगावरून दुसऱ्या गोष्टी कळतात. ऑइल लवकर काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये तर ते लगेचच काळं होतं. पट्टीला पेट्रोलचा उग्र वास आला आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये इंधन मिसळतंय. थंडीत रोज पाचदहा मिनिटांच्याच फेऱ्या झाल्या की इंजिन नीट तापत नाही आणि असं होतं. टोपणाखाली पांढुरका फेस दिसला तर तीही बहुधा थंडीतली वाफ असते, एका लांब फेरीनंतर जाते. पण पट्टीवरचं ऑइलच पांढुरकं झालं आणि कूलंट कमी झालं तर हेड गॅस्केट बघून घ्या, तोवर गाडी चालवू नका.

डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीची लाल खूण पेटली तर ती दाबाची असते. सुरक्षित कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा, ‘पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ’ म्हणू नका. ‘मेंटेनन्स’ची सूचना वेगळी. ती बहुतेक गाड्यांत मैल आणि वापर मोजून येते, आणि बटण दाबून शून्यावर आणता येते. सूचना गेली म्हणजे ऑइल बदललं असं नाही. काही बीएमडब्ल्यू आणि आउडी गाड्यांना पट्टीच नसते, पातळी पडद्यावर बघायची. तिथं इंजिन किती तापलेलं हवं हे पुस्तकात दिलंय, त्याआधी आकडा दिसत नाही.

गावची गाडी

गणपतीला किंवा मेमध्ये गावी गेलात आणि खळ्यात महिनोन् महिने उभी असलेली गाडी घेऊन कुंभार्ली घाट चढायचा बेत असेल, तर हीच तपासणी तिथंही करा. पावसाळाभर उभ्या गाडीच्या इंजिनात दमटपणा साठतो, आणि किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायलाच हवं. खळं सपाट असतं, ती सोय आहे. नटाभोवतीचा गंज बघा, फिल्टरचा पत्रा हात लावून बघा, आणि उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही त्याच वेळी बघून घ्या.

जुन्या ऑइलचं काय करायचं हेही ठरवून ठेवा. एक गॅलन वापरलेलं ऑइल दहा लाख गॅलन पाणी खराब करू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. घरी ऑइल बदललं तर अमेरिकेत सुट्या भागांची बहुतेक मोठी दुकानं जुनं ऑइल फुकट घेतात. रिकाम्या कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून न्या आणि त्यात कूलंट किंवा पाणी मिसळू देऊ नका, मिसळलेलं ऑइल ती परत पाठवतात. गावी ते पऱ्यात किंवा नारळाच्या अळ्यात जाऊ देऊ नका. गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचं पिंप असतं, त्यात ओतलं की नाही, तेवढं उभं राहून बघा.