संस्थेचे वीजबिल : मोजमाप आणि बचत

सभासदांच्या वर्गणीवर व देणगीदारांच्या मदतीवर चालणाऱ्या संस्थेला पै-पैचा हिशेब द्यावा लागतो. पावत्या तपासल्या जातात, जमाखर्च सभेपुढे मांडला जातो. विजेचे बिल मात्र 'आले तेवढे भरले' अशा रीतीने भरले जाते. वास्तविक या बिलातून वाचलेला पैसा म्हणजे वसतिगृहातील मुलांच्या वह्या-पुस्तकांचा पैसा होय. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

मोठ्या उद्योगांवर हे काम कायद्यानेच सोपविले आहे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. पुढे २०१२ ते २०१५ या काळात आठ क्षेत्रांतील ४७८ उद्योगघटकांना बचतीचे उद्दिष्ट ठरवून देण्यात आले. हे उद्दिष्ट उत्पादनाच्या प्रमाणात होते. उदाहरणार्थ, एक टन सिमेंटमागे किती ऊर्जा लागते, हे पाहिले गेले. लहान संस्थांनीही यातून हाच धडा घ्यावा. नुसते एकूण युनिट पाहू नयेत. दर विद्यार्थ्यामागे किती युनिट लागले, हे पाहावे. मुले वाढल्याने वापर वाढला, तर ती उधळपट्टी नव्हे.

मोजमापाची रीत सोपी आहे :

१) दररोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा वहीत लिहावा. हे काम एकाच कार्यकर्त्याकडे द्यावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते.

२) या महिन्याची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. मे महिन्याची तुलना जानेवारीशी करून उपयोग नाही.

३) सभागृह व कार्यालयाचा मीटर वेगळा असल्यास रात्री बंद करताना व सकाळी उघडताना आकडा पाहावा. कोणी नसताना वीज कशावर गेली, याचा शोध घ्यावा. कोठे दिवा, कोठे पाणी थंड करण्याचे यंत्र चालूच राहिलेले आढळेल.

४) प्रत्येक उपकरणाचे वॅट व रोजचे तास यांची यादी करावी. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते.

आता हिशेब पाहा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट. असे २० पंखे रोज १० तास चालले, तर दिवसाला ९ व महिन्याला २७० युनिट वाचतात. जुनी ट्यूबलाइट चोकसह सुमारे ५५ वॅट घेते, तर एलईडी ट्यूब २० वॅट. सर्व एकदम बदलणे जमणार नाही. जेथे तास जास्त, तेथून सुरुवात करावी. गळका नळ व भरून वाहणारी टाकी आधी दुरुस्त करावी. वाया गेलेल्या प्रत्येक बादलीसाठीही पंप चाललेला असतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. बचत म्हणजे अंधार नव्हे. अभ्यासिकेतील दिवा कमी करून बिल कमी केले, तर संस्थेचा हेतूच हरवेल. कमी करायचा आहे तो अपव्यय, उपयोग नव्हे.

पदाधिकाऱ्यांनी मीटरची वही वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर मांडावी. जे मोजले जाते, त्यावरच विचार होतो. आजच एक वही घालून सुरुवात करावी.