आधी मीटर, मग वायरिंग!

भोईवाड्यात छोट्या गाळ्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम सुरू करायचंय? गावाला जुना ट्रॅक्टर येईल, इथे जुना टेम्पो. १२ व्होल्टच्या चार्जिंगचं गणित दोघांचं एकच.

गिऱ्हाईक म्हणतं, "बॅटरी उतरते, सगळं वायरिंग बदला." लगेच हो म्हणू नका. मल्टीमीटर काढा.

१. रात्रभर गाडी बंद असेल, तर पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते.

२. इंजिन चालू करून थोडी रेस द्या. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत.

३. कमी आले? हेडलाइट लावा. अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजा, मग अल्टरनेटरच्या बॉडीपासून मायनसपर्यंत. अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष वायर, थिंबल किंवा अर्थमध्ये. जवळपास शून्य असेल, तर पट्टा, अल्टरनेटर, रेग्युलेटर तपासा.

आता धंद्याचं बोलू. दोष रेग्युलेटरचा आणि तुम्ही वायरिंग बदललंत, तर बॅटरी परत उतरणार. दुसऱ्यांदा काम फुकट, गिऱ्हाईकही गेलं. म्हणून तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आधीच सांगा. कामाआधीचं आणि नंतरचं रीडिंग बिलावर लिहा. विश्वास तिथे बसतो.

आणि एक. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. एकाच गाडीवर धंदा उभा करू नका. मोजायला शिका, गाड्या बदलतील, मीटर कामाला येईल.

गृहपाठ: आज एका गाडीची तिन्ही रीडिंग वहीत लिहा.