मंडळीबाहेर घातलेल्या आपल्या माणसासाठी प्रार्थना

वाचावयाचे भाग : मत्तय 18:15-17, योहान 9:18-38, 2 करिंथ 2:5-11

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आपल्या खेड्यापाड्यांत मंडळी म्हणजे थोडीशीच घरे, आणि तीही बहुधा एकमेकांची सोयरी. तेव्हा ज्याचे नाव पटावरून काढिले जाते तो कोणाचा तरी मुलगा किंवा जावई असतोच. ठराव वाचला जात असता त्याची आई तेथेच पदर डोळ्यांशी धरून बसलेली असते. आता त्याच्यासाठी प्रार्थना करणे म्हणजे मंडळीविरुद्ध जाणे होईल काय, ही शंका तिला येते. पण पाळकांस विचारण्याचा धीर होत नाही. आजचा पाठ आम्ही तिच्याकरिता लिहीत आहो.

जन्मांधाच्या आईबापांकडे पाहा. आपला मुलगा पाहू लागला हे त्यांस ठाऊक होते, तरी सभास्थानातून घालवितील या भयाने त्यांनी उत्तर मुलावरच ढकलिले. त्यांस दोष देण्याची आम्हांस घाई नाही. जातपंचायतीने वाळीत टाकिलेले घर ज्यांनी पाहिले आहे त्यांस ते भय कळेल. मुलगा बाहेर घातला गेला, आणि हे ऐकून येशूने त्याला गाठले. आईबाप त्याच्याकडे गेले किंवा नाही हे योहान सांगत नाही.

तो मुलगा निरपराधी होता, आमचा तर खरोखर चुकला आहे, असे कोणी म्हणेल. अशाला विदेशी व जकातदार यांच्यासारखे मानावे असे प्रभु सांगतो खरे; पण हे लिहिले आहे मत्तयाच्या शुभवर्तमानात, आणि मत्तय स्वतः जकातनाक्यावरूनच बोलाविला गेला होता! शौलाला देवाने राजपदावरून नाकारिले, तरी शमुवेल रात्रभर त्याच्यासाठी देवाजवळ आक्रोश करीत राहिला. तेव्हा मातेने मुलाचे नाव घेऊन खुशाल प्रार्थना करावी. मात्र त्याच्या अपराधाची कथा प्रार्थनासभेत विस्ताराने सांगू नये; देवाला ती ठाऊक आहे, आणि शेजारणीला ती ठाऊक होण्याची गरज नाही. निर्णयात मंडळीच चुकली असेल तर तेही प्रभूने दाखवावे, अशी विनंती करण्यात पाप नाही.

त्याला भाकर वाढावी काय? अशाबरोबर जेवू नये असे पौल करिंथकरांस लिहितो. पण घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारितो, हेही तोच लिहितो. आमच्या मते आईने वाढावे. दुकान, विहीर किंवा दफनभूमी बंद करणे तर निराळेच. 2017 पासून अमलात आलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने महाराष्ट्रात तो गुन्हा आहे.

करिंथ येथील ज्या मनुष्याला बहुमताने शिक्षा झाली, तो दुःखात बुडून जाऊ नये म्हणून त्याला क्षमा करून धीर द्या, असे पौलाला मंडळीस कळवावे लागले. हा भाग पंचांनीही वाचावा, आणि आपल्या ठरावात परत घेण्याविषयी काही लिहिले आहे काय, हे वही काढून पाहावे.